आढ्यावरच्या चाळीस माळा

हरणबोडीच्या मनकर्णा ढिवरणीला उभ्या आयुष्यात कोणी घाईनं चालताना पाहिलं नव्हतं. डोक्यावर पाण्याची गुंडी असो नसो, तिची चाल एकच. त्या मनकर्णेला गावानं पंचावन्न सालच्या मृगात भर दुपारी धावताना पाहिलं. पदर खांद्यावर घसरलेला, हातात एक चिठ्ठी. शाळेत मास्तर पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते, ते पाढे तिथंच थांबले. तिनं चिठ्ठी पुढं केली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. बाईला वाचता येत नव्हतं, आणि वाचून काय ऐकायला मिळणार याची तिला अंदाजानं आधीच धडकी भरली होती.

कारण सांगतो. पण त्याआधी बाई कोण, तिचं काम काय, ते समजून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल की एवढ्यातेवढ्यासाठी एवढा आकांत काय.

हरणबोडी चांद्याकडच्या सावली गावापासून तीन कोसांवर. धानाचं गाव. गावाला तलाव आणि तलावाच्या पाळीपलीकडे ऐनाचं बन. ऐनाला आमच्याकडे येन म्हणतात. ढिवर एरवी मासे धरणारे. पण इथल्या अकरा ढिवर घरांचं खरं पोट त्या येनावर होतं. पावसाळ्यात येनाच्या पाल्यावर कोशाच्या अळ्या सोडायच्या, कावळ्यांपासून, मुंग्यांपासून त्या राखायच्या. पोटभर पाला खाऊन अळी स्वतःभोवती लहानशा अंड्याएवढं टणक घर विणते, तो कोसा. कोसे राखेच्या पाण्यात उकळायचे, आतला जीव मारायचा आणि धागा काढणाऱ्यांना विकायचे. मात्र सगळेच उकळायचे नाहीत. त्यातले जड, चकचकीत, मजबूत देठाचे निवडून बाजूला काढायचे, त्यांच्या माळा ओवायच्या आणि आढ्याला टांगायच्या. ते बियाणं. पुढच्या मृगात त्यातून पाखरं निघतात, अंडी घालतात, अंड्यांतून पुन्हा अळ्या. बियाणं गेलं की सगळं गेलं.

माळा ओवायचं काम मनकर्णेचं. गोंडपिपरीकडून लग्न होऊन आली, पाच वर्षांत नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. उरली ती आणि तिची बोटं. देठाला गाठ मारताना कोसा दाबला गेला तर आतला जीव दुखावतो. तिच्या हातून तो कधी दुखावला नाही. कोसा कानाशी धरून हलवायची आणि आतला जिता की मेला ते सांगायची. अकरा घरांचं बियाणं ओवून झालं की माळा लटारूकडे जायच्या. लटारू हा बियाण्याचा राखणदार. अंगाखांद्यानं काटक, बोलायला कमी आणि नेमाला कडक. माळा टांगल्या दिवसापासून अळ्या झाडांवर सोडेपर्यंत तो दाढी करत नसे, मासा खात नसे, जमिनीवर निजत असे. बियाण्याला हात फक्त त्याचा. बाकीचे तिकडे मान वर करूनही बघत नसत.

आणखी दोन नेम होते. घरात बाळंतीण असली किंवा मौत झाली की बियाणं त्या घरात ठेवायचं नाही, ते स्वच्छ घरी हलवायचं आणि सोयर-सुतक फिटेपर्यंत त्या घरच्यांनी तिकडे फिरकायचं नाही. दुसरा नेम असा की बियाण्याची गोष्ट परक्याजवळ काढायची नाही. नजर लागते. या दुसऱ्या नेमानं पुढं जो घोटाळा केला, तो ऐकून आजही माझं डोकं सुन्न होतं.

परका म्हणजे इथं गुणवंतराव गुरुजी. वरोऱ्याचे, शाळेतून निवृत्त झालेले, अंगावर खादीचा सदरा, खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेली, बन सरकारकडे आलं आणि लाकडाच्या ठेकेदाराची नजर येनावर पडली, तेव्हा या माणसानं वरोऱ्यात ‘रानराखण मंडळी’ काढली. कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर, त्यांच्या घरच्या बाया अशा चाळीस घरांतून देणग्या आणल्या. त्यातून बनाला काट्यांचं कुंपण झालं, मुखरू नावाचा एक राखणदार बसला. जंगलखात्याच्या साहेबांना गुरुजी तीनदा भेटले. तिसऱ्यांदा, पंचावन्नच्या उन्हाळ्यात, साहेब म्हणाले, "भाद्रपदात मी स्वतः येतो. झाडांवर अळ्या दिसल्या, लोकांचं पोट खरंच या बनावर आहे असं दिसलं, तर हे बन कटाईतून सोडा म्हणून लिहीन. नाही दिसल्या, तर यंदाच्या कटाईत धरीन." बोलणं सरळ होतं. भाद्रपदात अळ्या दिसायला हव्या होत्या.

गुरुजींचं देणगीदारांबद्दल एक ठाम मत होतं. देणाऱ्याला नुसती पावती दिली की तो ती खिळ्याला अडकवतो आणि विसरतो. त्याच्या हातात त्या रानाची काही वस्तू ठेवली की तो आल्यागेल्याला दाखवतो आणि पुढच्या वर्षी आपणहून देतो. म्हणून पहिल्या वर्षी, चौपन्न साली, त्यांनी मनकर्णेकडून उकळलेल्या कोशांच्या चाळीस माळा करवून घेतल्या. पण उकळलेला कोसा मातकट दिसतो. वरोऱ्याच्या बायांनी माळा हातात घेतल्या आणि एक म्हणाली, "हे काय, भुईमुगाच्या शेंगा का?" गुरुजींच्या ते जिव्हारी लागलं.

त्याच उन्हाळ्यात ते लटारूच्या घरी बसले होते. वर पाहून त्यांनी विचारलं, "मनकर्णाबाई, या वरच्या माळा कशा चकचकीत आहेत. आपल्याच अशा मातकट का?"

लटारूनं मनकर्णेकडे पाहिलं. मनकर्णेनं खाली मान घातली.

"असेच असतेत, गुरुजी," ती म्हणाली.

झालं. वरच्या जित्या आहेत, एवढं एक वाक्य तिनं बोलायला हवं होतं. नेमानं बोलली नाही.

पंचावन्नच्या रोहिणीत तिच्याकडे सांगावा आला की माय गेली. गुरुजी यंदाच्या माळा न्यायला चार दिवसांनी येणार होते, त्यांच्यासाठी चाळीस माळांची टोपली तयार होती. तिनं टोपली कोनाड्यात ठेवली, मुखरूजवळ गुरुजींना निरोप ठेवला, "दाराले नुसती कडी हाय, घर तुमचंच समजा, टोपली घेऊन जा," आणि माहेरी गेली. दोन दिवसांनी लटारूच्या सुनेला कळा लागल्या. नेमाप्रमाणे लटारूनं बाळ जन्मायच्या आत बियाण्याच्या माळा हलवल्या. कोणाच्या घरी? गावातलं सगळ्यांत स्वच्छ घर, जिथं त्या घडीला चूलसुद्धा पेटत नव्हती, त्या घरी. माळा मनकर्णेच्या आढ्याला बांधल्या, कडी लावली आणि नेमानं बारा दिवस पाठ फिरवली. दोन दिवसांनी गुरुजी आले.

तेराव्या दिवशी मनकर्णा परत आली. वेशीतच लटारूची बायको रंभा भेटली, हसून म्हणाली, "नातू झाला मले. बियाणं तुया घरी टांगलं हाय, जपून जाजो." मनकर्णेनं कडी काढली, आत पाऊल टाकलं. आढं रिकामं. सुतळीचे चाळीस तुकडे तेवढे लोंबत होते. कोनाड्यात उकळलेल्या कोशांची टोपली जशीच्या तशी. टोपलीवर चिठ्ठी. तिनं चिठ्ठी उचलली. मग ती वळली आणि धावली, ते गावानं पाहिलं.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. "मनकर्णाबाई, टोपलीतल्या माळा मागच्या वर्षीच्या वाटल्या म्हणून राहू दिल्या. वरच्या नवीन चकचकीत माळा नेतो आहे. तुम्ही माझं बोलणं मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. यंदा देणगीदार खूश होतील. गुणवंतराव."

अकरा घरांचं बियाणं वरोऱ्यात वाटून झालं होतं. भेट म्हणून. आता यावर माणसानं काय बोलावं? ज्या माणसानं बन राखायला जिवाचं रान केलं, त्यानंच बनाचं बी उपटून लोकांच्या भिंती सजवायला दिलं, आणि वर लिहिलं की फार बरं वाटलं.

लटारू ऐकून पांढरा पडला.  मग म्हणाला, "तूच त्याले म्हटलं, घर तुमचंच समजा." त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बाकीच्या नऊ घरांनीही तिच्याकडे पाठ केली. मृग लागून आठ दिवस झाले होते, हवा दमट झाली होती, पाखरं कधीच निघून गेली असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुखरू कुंपणाशी बसून नुसता बनाकडे पाहत होता.

मनकर्णेनं त्याच दुपारी लुगड्याच्या पदरात भाकर बांधली. कोणाला विचारलं नाही. बैलगाडीनं मूल, मूलहून छोट्या गाडीनं चांदा, चांद्याहून मोठ्या गाडीनं वरोरा. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसलेली बाई, पण तिला त्या गाडीचं काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. पाखरू निघालं की त्याच दिवशी जोडी जमते, दुसऱ्यातिसऱ्या दिवशी अंडी, अंड्यांना आठ-नऊ दिवस. एखादी तरी अंडी कुठंतरी शाबूत असतील का?

सकाळी गुरुजी ओसरीत दाढी करत होते. तिला पाहून त्यांना आनंद झाला. "बाई, तुम्ही स्वतः? अहो, काय माळा होत्या! लोक विचारतायत, पुढच्या वर्षीही याच देणार ना?"

"गुरुजी, त्या जित्या होत्या," मनकर्णा म्हणाली. "बियाणं होतं ते आमचं. अकराही घरचं."

गुरुजींच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. अर्ध्या गालावर साबण. "जीव होता त्यात?" त्यांनी विचारलं, आणि मग पायरीवर बसले. "आठ दिवसांपासून लोक येऊन सांगतायत, घरात तळहाताएवढे किडे निघाले. मी म्हटलं, पावसाळा आहे, खिडक्या लावून घ्या." एवढं बोलून त्यांनी टॉवेलनं अर्धीच दाढी पुसली, सदरा चढवला आणि देणगीदारांची यादी घेतली.

पहिलं घर कापसाचे व्यापारी भैयाजी यांचं. त्यांनी माळ वडिलांच्या तसबिरीला घातली होती. ऐन जेवणाच्या वेळेला पानं वाढलेली असताना कोसा फुटला आणि त्यातून पिवळसर तपकिरी, प्रत्येक पंखावर काचेसारखी गोल खिडकी असलेलं पाखरू बाहेर आलं, ते थेट तसबिरीवर बसलं. भैयाजींच्या म्हाताऱ्या आईनं ताट सारलं आणि म्हणाली, "आले." मग काय, हळदकुंकू, उदबत्ती, आणि पाखरासमोर दुधाची वाटी. एकामागून एक पाच पाखरं निघाली, पाचही दुधात बुडून मेली.

"ती दूध पीतच नाईत," मनकर्णा म्हणाली. "तोंडच नसते त्यायले."

भैयाजींनी ते ऐकलंच नाही. "गुरुजी, आजवर पुष्कळ संस्थांना दिलं," ते डोळे पुसत म्हणाले, "पण अशी भेट कोणी दिली नाही. पुढच्या वर्षी दुप्पट लिहा माझं." गुरुजी नुसते हात जोडून बाहेर पडले. बाहेर येऊन त्यांनी यादीवर पेन्सिलीनं खूण केली.

दुसरं घर वकिलांचं. त्यांनी मोठ्या हौसेनं दिवाणखान्यात नेलं. लाकडी चौकटीत, काचेखाली, चार पाखरं टाचण्यांनी ठोकलेली. पंख सारखे पसरून लावायला कसा तासभर लागला, ते वकील सांगत होते. मनकर्णेनं काचेवर बोट ठेवलं. मधलं मोठं पाखरू मादी होती आणि तिचं पोट टम्म भरलेलं होतं. दोनशे तरी अंडी त्या टाचणीखाली वाळत होती.  ती अंगणात जाऊन तुळशीजवळ बसली आणि वकिलीणबाईंनी तिला पाणी दिलं, ऊन लागलं असेल म्हणाल्या.

पुढचं काय सांगू? एका घरी कोसे कापून पोराचा खुळखुळा केलेला. आत वाळलेला जीव वाजत होता आणि पोर हसत होतं. एका घरी झाडूनं हाणलेली, एका घरी औषध फवारून मारलेली. एका बाईनं भीतीनं माळच चुलीत घातली होती. आठ-नऊ घरी नुसते फुटके कोसे लोंबत होते, पाखरं गेली म्हणाले, कुठं ते विचारायचं दोघांना सुचलं नाही. वाईट माणसं नव्हती हो ती. प्रत्येकानं गुरुजींना चहा विचारला, दोघातिघांनी बनाची खुशाली विचारली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं तर त्यांनी काय करावं? पण सांगितलं कोणी नव्हतं, हे मनकर्णेला घराघरातून जास्तच टोचत गेलं. पाचव्या घरानंतर ती म्हणाली, "माया तोंडाचा दोष हाय, गुरुजी. मागच्या सालीच बोलली असती तर."

"माझा नाही का?" गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याच्या आढ्यावरून मी काढून आणल्या."

उन्हं कलली. यादीत शेवटचं नाव कय्यूम पिंजाऱ्याचं होतं. कापूस पिंजून गाद्या भरणारा माणूस. त्याला देणगी देणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं राखणदार मुखरूसाठी एक गादी भरून पाठवली होती. गुरुजींनी त्याचंही नाव देणगीदारांत लिहिलं आणि त्यालाही माळ दिली. गल्लीच्या टोकाला त्याचं दोन खणांचं घर होतं. कय्यूम दारातच कापूस पिंजायची कमान पुसत बसला होता. गुरुजींनी विचारलं, "कय्यूमभाई, ती माळ..."

"आओ ना गुरुजी," कय्यूम म्हणाला. "मीच येणार होतो तुमच्याकडं. काय चीज देल्ली तुम्ही? घरभर जचकी होऊन राह्यली, बाळंतपणच म्हणा."

आत त्याची बायको खैरुन होती. तिनं मनकर्णेला पाहिलं आणि जास्त न बोलता हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथं कोंबड्या झाकायची तीन डाली पालथी ठेवलेली होती. खैरुननं एक डालं अलगद उचललं. खाली गादीची पांढरी खोळ अंथरलेली. खोळीवर मसुरीएवढी, चपटी, तपकिरी अंडी. ओळीनं, झुपक्यानं, जिकडं पाहावं तिकडं. कडेला थकून पडलेली, पंख झिजलेली पाखरं.

मनकर्णा खाली बसली. तिनं एक अंडं बोटाच्या टोकावर घेतलं, उजेडाकडे धरलं, पुन्हा ठेवलं. मग तिला रडू कोसळलं. दोन दिवस ती रडली नव्हती, ते सगळं तिथं बाहेर आलं.

"एका माळेतून एवढी?" गुरुजींना विश्वास बसेना.

"एक नाई हो," कय्यूम म्हणाला. "पावसाच्या आधी घरोघरी गाद्या भरायचं काम असते. जिथी गेलो तिथी हेच. लोक मारून राह्यले झाडूनं. मी म्हटलं, मारू नका बाबा, मले द्या. खोळीत घालून आणून राह्यलो आठ दिवसांपासून. आठ-नऊ घरची असतील."

"तुमाले कसं समजलं, डाल्याखाली ठेवायचं?" मनकर्णेनं खैरुनला विचारलं.

"समजते काय त्यात," खैरुन म्हणाली. "दोन-दोन चिकटून बसले होते. मी कोंबड्या बसवते बाई. अंड्यावर आलेल्या जिवाले कोणी हाकलते काय?"

सांगा आता. वरोऱ्याच्या बाकीच्या सुशिक्षित घरांत जे कोणाला सुचलं नाही, ते या बाईनं कोणी न सांगता केलं होतं. ही पाखरं काय आहेत, कोणाची आहेत, कशाला उपयोगी, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

अंड्यांचा रंग गडद झाला होता. मनकर्णेनं बोटांवर दिवस मोजले आणि उठली. फुटायला दोन दिवसही नव्हते, आणि वरोऱ्यात येन कुठला? खैरुननं खोळी तशाच सैल गुंडाळल्या, बांबूच्या टोपलीत ठेवल्या, वर ओलं फडकं घातलं. गुरुजी मनकर्णेबरोबर निघाले. गाडीत कोणी टोपलीला धक्का देऊ नये म्हणून निवृत्त हेडमास्तर चांद्यापासून मूलपर्यंत दोन्ही हात पसरून उभे राहिले. मूलच्या फलाटावर मनकर्णेनं फडकं उचललं तर पहिली अळी निघाली होती. तांदळाच्या कणीएवढी, डोकं हलवत पाला शोधत होती. पहिला पाला तिला वेळेवर मिळाला नाही तर ती मरते.

बैलगाडी हरणबोडीच्या वेशीपर्यंत आली आणि मनकर्णेनं खाली उडी मारली. गावानं तिला दुसऱ्यांदा धावताना पाहिलं, टोपली पोटाशी धरून, थेट पाळीवरून बनाकडे. मागून गुरुजी, त्यांच्यामागं पोरं, मग सगळे ढिवर. बनाच्या तोंडाशी कुंपणाजवळ लटारू उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो वाटेतून हलला नाही.

"अंडी हायेत," मनकर्णा धापा टाकत म्हणाली. "फुटून राह्यली."

लटारूनं टोपलीत पाहिलं. "कोणी राखली?"

"वरोऱ्याच्या पिंजाऱ्याच्या बायकोनं. कोंबडीच्या डाल्याखाली."

 एकदा टांगल्यावर या बियाण्यावर आजवर लटारूशिवाय कोणाचा हात पडला नव्हता. बाळंतिणीच्या घरात ते चालत नव्हतं, तिथं परगावच्या परक्या घरी, कोंबड्यांत राहून आलेलं. लटारूच्या नेमात हे कुठंच बसत नव्हतं, आणि तो नेमासाठी उपाशी राहणारा माणूस होता. मनकर्णेला वाटलं, आता हा मान फिरवणार. तिनं टोपली आणखी पुढं केली. खोळीवर पाच-सहा अळ्या निघून कापडाच्या धाग्यांवर चाचपडत होत्या. एक कडेवरून खाली पडली.

लटारू वाकला. त्यानं ती बोटानं उचलली. 

"हिले पाला पायजे," तो म्हणाला आणि वळून बनात शिरला.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत बावीस झाडांना येनाच्या पानांचे द्रोण काट्यांनी टाचले गेले आणि द्रोणांत अंडी वाटली गेली. दरसाल दीडशे झाडं असत. बावीस तर बावीस. अकराही घरांनी ती बावीस झाडं आपल्या पोरांपेक्षा जास्त जपली. मुखरूनं तर कावळ्यांना दगड मारून मारून खांदा सुजवून घेतला. भाद्रपदात साहेब आले. पायांतले बूट चिखलात रुतवत पहिल्या झाडाशी गेले. बोटभर लांबीची हिरवीगार अळी पानाची कड कुरतडत होती. ती खाताना आवाज येतो, हे त्यांना माहीत नव्हतं. कान लावून ऐकत राहिले. साहेबांनी लिहिलं आणि बन कटाईतून सुटलं.

मनकर्णेनं त्यानंतर गुरुजींना समोर बसवून सगळं सांगितलं. उकळलेला कोसा कोणता, जिता कोणता, मादी कशी ओळखायची, पाखराला तोंड का नसतं. लटारू बाजूला बसला होता, त्यानं तिला थांबवलं नाही. गुरुजींनी माळांची भेटच बंद केली. देणगीदारांना चिठ्ठ्या गेल्या की यंदा भेट घरी येणार नाही, तुम्ही मृगात हरणबोडीला या, पाखरू निघताना बघा. भैयाजींनी मोटार केली आणि आईला घेऊन आले. म्हातारी मनकर्णेच्या दारात बसली, कोसा ओला होऊन फुटताना, आतून चुरगळलेले पंख बाहेर येऊन हळूहळू उलगडताना तिनं दोन तास पाहिलं. या वेळी ‘आले’ म्हणाली नाही. उठताना हातातल्या पाटल्या चाचपत म्हणाली, "आपण पाचांना दुधात बुडवून मारलं की रे." वकीलही आले होते. त्यांनी पुन्हा कधी पाखरू टाचलं नाही.

पण ते पुढच्या मृगाचं झालं. त्याआधी, दिवाळी सरल्यावर कोसे उतरले, मनकर्णेनं बियाण्याच्या माळा ओवल्या. यंदा नऊच झाल्या. तिनं त्या नेहमीप्रमाणे लटारूच्या हाती दिल्या. त्यानं आठ टांगल्या. नववी कपड्यात गुंडाळली आणि म्हणाला, "चाल, वरोऱ्याले जाऊ."

कय्यूमच्या दारात तो चप्पल काढून उभा राहिला. खैरुन बाहेर आली. आयुष्यात ज्यानं बियाण्याचं नाव परक्यासमोर घेतलं नव्हतं, तो लटारू एका दमात बोलायला लागला, तेव्हा मनकर्णा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"बाई, हे उकळलेले नाईत. हे जिते हायेत, आमचं बियाणं हाय. उन्हात ठेवू नको, धुरात ठेवू नको. मृग लागला का निघतीन. अंडी झाली का आठ दिवसांच्या आत घेऊन ये. आमच्यावर पुन्हा कधी आफत आली तर एवढं तुयापाशी राहू दे. दरसाल आणून देईन."

खैरुननं ओढणीला हात पुसले आणि माळ दोन्ही हातांत घेतली. 

"कुठी टांगू, भाऊ?" तिनं विचारलं.

लटारूनं आत जाऊन घर पाहिलं, चूल कुठे आहे ते पाहिलं, वारा कुठून येतो ते पाहिलं. मग कय्यूमच्या गाद्यांच्या थप्पीवर चढून त्यानं माळ स्वतःच आढ्याला बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.